वसतिगृहास निघणाऱ्या मुलाची पेटी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे बोलावयास सांगितले हा आम्ही आमचा बहुमान समजतो. शिक्षणाचे महत्त्व ह्या विषयावर आमच्या आधीच्या वक्त्यांनी इतके मौलिक विचार मांडले आहेत की त्यांत भर घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आम्ही एक अगदी लहान विषय घेणार आहोत. येत्या जून महिन्यात आपल्यापैकी कित्येकांची मुलेमुली पुणे, मुंबई, लातूर, क्वचित राजस्थानातील कोट्यापर्यंत शिकावयास जातील. काही खेड्यांतून ह्याच सोलापुरात येतील. ती वसतिगृहात राहतील. त्यांच्याबरोबर एक पेटी असेल आणि एक वळकटी असेल. त्या पेटीत काय असावे, त्या खोलीत ती कशी मांडावी, आणि ज्याच्याजवळ पेटीच नाही त्याचे काय, एवढेच आम्हांस बोलावयाचे आहे.

विषय लहान असला तरी त्याची परंपरा लहान नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन करविले आणि त्यानंतर तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. खेड्यातला मुलगा शाळेत येत नाही ह्याचे कारण शाळा नसणे एवढेच नव्हे. शाळेच्या गावात त्याला पाठ टेकावयास जागा नाही, हेही कारण त्या राजाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

आपल्या सोलापूरचाही ह्यात वाटा आहे आणि तो आपल्या तरुणांस ठाऊक असावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडले, ते ह्या सोलापुरातच. सोलापूर नगरपालिकेने त्यास दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले होते. त्या वसतिगृहाविषयी एक गोष्ट आम्हांस नेहमी विचार करावयास लावते. तेथे मुलांच्या राहण्याजेवण्याबरोबरच त्यांचे कपडे आणि लेखनसाहित्य ह्यांचा खर्चही सभेने उचलला होता. छप्पर आणि भाकरी दिली की काम झाले असे त्या संस्थापकांनी मानले नाही. अंगावरचा कपडा आणि हातातली दौत-लेखणी ही नसेल, तर छपराखाली आलेला मुलगाही परत जातो, हे त्यांस स्वानुभवाने माहीत होते.

असा एक परत गेलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. आज त्याची हकिगत सांगावयाची असे ठरवून आम्ही आलो आहोत.

१९६७ सालच्या जूनमध्ये आम्ही आठवीत शिकण्यासाठी खेड्यातून सोलापुरास आलो आणि एका बोर्डिंगात दाखल झालो. त्या बोर्डिंगाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी तोच रिवाज होता. दाखल होणाऱ्या मुलाने आणावयाच्या वस्तूंची एक यादी असे. सतरंजी अथवा गादी एक, चादरी दोन, उशी एक, ताट, वाटी, तांब्या, पेला, बादली, कंदील, आणि कुलपासह पेटी. आमची पेटी पत्र्याची होती, आईच्या लग्नात आलेली. तिला वडिलांनी निळा रंग देवविला होता आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत आमचे नाव काढवून घेतले होते. वडील मागावर बसत. त्यांनी स्वतःच्या हाताने विणलेल्या दोन चादरी पेटीत घातल्या. एक वापरावयाची. दुसरी आईने तळाशी घालून बजावले, ‘‘ही घडी मोडू नकोस. कोणी पाहुणा आला तर असू दे.’’

आमच्या खोलीत चौघे होतो. त्यांतला एक करमाळ्याकडचा, आपल्याच ज्ञातीतला. त्याचे वडील त्याला सोडावयास आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक गोणपाट होते. त्यात दोन जोड कपडे, एक ताटली आणि भाकऱ्या बांधलेले फडके. यादीतील इतर काही नव्हते. गृहपतींनी यादी वाचून दाखविली व आठ दिवसांची मुदत दिली. गृहपती दुष्ट नव्हते. नियम सर्वांस सारखा असावा एवढाच त्यांचा आग्रह होता. आठ दिवस तो मुलगा ते गोणपाट अंथरून निजला. पावसाळ्याचे दिवस, फरशी गार. रात्री तो पाय पोटाशी घेऊन कूस बदलताना आम्हांस ऐकू येई. आमच्या पेटीच्या तळाशी दुसरी चादर होती. आम्ही ती काढली नाही. आईने घडी मोडू नको म्हणून सांगितले होते, हे आम्ही स्वतःला सांगितलेले कारण. खरे कारण असे की, ती दिली तर परत मिळेल की नाही ही धास्ती आम्हांस वाटत होती.

नवव्या दिवशी तो ‘‘अंथरूण घेऊन येतो’’ असे सांगून गावी गेला. तो पुन्हा आला नाही. त्याची ताटली काही दिवस खिडकीत होती, मग कोणी तरी उचलली.

पुढे कित्येक वर्षांनी, आम्ही नोकरीतून निवृत्त होण्याच्या सुमारास, शहराच्या पूर्व भागातील एका यंत्रमागाच्या कारखान्यात काही कामानिमित्त गेलो असता एका मागावर तो आम्हांस दिसला. त्यानेच आम्हांस ओळखले. गावी गेला त्याच वर्षी तो मागावर बसला होता. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आधी चादरी, नंतर टॉवेल. चादर नाही म्हणून ज्याची शाळा सुटली, त्याने जन्मभर चादरी विणल्या. आम्ही त्याला त्या तळाच्या चादरीची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली. तो हसला व म्हणाला, ‘‘तू चादर दिली असतीस रे. पण कंदील कोणी दिला असता? बादली कोणी दिली असती?’’

ह्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आमचे आजचे भाषण आहे. मात्र ते देण्यापूर्वी, ज्यांच्या घरी पेटी भरण्याची ऐपत आहे त्या पालकांशी थोडे व्यवहाराचे बोलले पाहिजे. कारण आजकाल पेटी अपुरी असण्याबरोबरच ती नको तितकी भरलेली असणे, हाही एक दोष झाला आहे.

प्रथम अंथरुणाविषयी. वसतिगृहात बहुधा लोखंडी खाट मिळते. गादी मिळेल की नाही हे आधी विचारून घ्यावे, आणि गादी घेण्यापूर्वी खाटेचे माप मागवावे. मुंबईस किंवा कोकणात जाणाऱ्या मुलास कापसाची जाड गादी देऊ नये. तेथील पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि तिला बुरशी येते. पातळ गादी व वर धुता येईल अशी खोळ एवढे पुरते. पुण्यास थंडी सोलापुराहून अधिक, म्हणून चादरीखाली घ्यावयास एखादी गोधडी असू द्यावी. कोट्यास जाणाऱ्या मुलाने आपल्या येथील थंडीच्या हिशेबाने पांघरूण नेऊ नये. तेथे पौष-माघात रात्री कडाका असतो आणि वैशाखात दिवसा आगीसारखे ऊन असते. लातूरची हवा मात्र आपल्याच हवेची बहीण आहे.

चादरीविषयी सोलापूरकरांस आम्ही काय सांगावे? आपली सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल ह्या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जॅकार्डवर विणलेली ती जाड सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, घाम शोषते, आणि वसतिगृहातल्या बादलीत मुलाने स्वतः आपटून धुतली तरी टिकते. तरी आमच्या पाहण्यात असे येते की आपलेच पालक मुलाला दुकानातली चकचकीत, कृत्रिम धाग्याची रजई घेऊन देतात, जी त्याला एकट्याने धुता येत नाही व वर्षभर मळत राहते. मुलाला जे स्वतः धुता, वाळविता आणि घडी करता येईल तेच अंथरूण-पांघरूण द्यावे. हाच नियम कपड्यांसही लावावा. रोजचे पाच-सहा जोड, एक चांगला, आणि एक घरचा जुना मऊ सदरा. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूस तांबड्या दोऱ्याने दोन अक्षरे घालावीत. एका दोरीवर चाळीस मुलांचे कपडे वाळतात तेव्हा त्या दोन अक्षरांची किंमत कळते.

खोली मांडण्याविषयी एवढेच सांगतो की, तीन मुलांच्या खोलीत प्रत्येकाच्या वाट्यास खाट, भिंतीचा एक तुकडा आणि थोडी फरशी एवढेच येते. म्हणून पेटी खाटेखाली सहज सरकेल इतक्या उंचीची असावी. तिच्या पायांखाली विटेचे तुकडे ठेवल्यास फरशीची ओल लागत नाही. भिंतीत खिळे ठोकण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून एक मजबूत सुती दोरी व थोडे चिमटे न्यावेत. टेबल खिडकीजवळ एकच असेल तर ते आधी आलेल्याचे होत नाही, पाळीपाळीने सर्वांचे होते, हे मुलास घरीच सांगून पाठवावे. मच्छरदाणी, बादली, तांब्या, झाडू आणि एक लहान सूप ह्या गोष्टी तिघांत मिळून घ्याव्यात असे पुष्कळांस वाटते. आमचा अनुभव असा की झाडू व सूप खुशाल सामाईक असावेत, पण बादली ज्याची त्याची असावी. बहुतेक भांडणे पहाटेच्या बादलीवरून होतात. कुलपास दोन किल्ल्या असतात; एक मुलाच्या करगोट्यास अथवा गळ्यात, दुसरी घरी.

पाणी तापविण्याची कॉइल व विजेची शेगडी पाठवू नये. वसतिगृहाच्या तारांवर आधीच भार असतो, आणि अशा वस्तूंनी आग लागण्याचा संभव फार. मोबाईल आज बहुतेकांस द्यावाच लागतो, परंतु तो साधा असावा. खोलीतल्या सर्वांत महागड्या वस्तूचा मालक होणे हे त्या वयात मुलाच्या अभ्यासास व मैत्रीस, दोहोंस बाधक असते.

कागदपत्रांकडे आपल्या समाजाचे अद्यापि दुर्लक्ष होते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पुस्तक ह्यांच्या दोन-दोन प्रती पाणी न लागेल अशा पिशवीत पेटीच्या झाकणाकडील बाजूस ठेवाव्यात. उत्पन्नाच्या दाखल्यास मुदत असते, हे विसरू नये. एका जुन्या दाखल्यापायी शिष्यवृत्ती अडलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

खाण्याच्या डब्याविषयी आम्ही माउलींस काही शिकविणे म्हणजे सूर्यास काजवा दाखविणे होय. पण एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. आपल्या ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ह्यांच्याइतका प्रवासास व वसतिगृहास योग्य जिन्नस दुसरा नाही. भाकरी पातळ थापून, मंद आचेवर वाळवून तिच्यातला ओलावा काढलेला असतो. चटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ ह्यांच्या कुटण्याने सुटलेले तेल असते, पाण्याचा थेंब नसतो. म्हणून दोन्ही कित्येक दिवस टिकतात. आणि डबा एकट्यापुरता भरू नये. खोलीत जितकी मुले तितक्या जणांस पहिल्या रात्री पुरेल एवढा भरावा. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्यास उतरलेला आपला मुलगा त्या रात्री डबा उघडून मध्ये ठेवील, आणि वर्षभराची मैत्री तेथे जुळेल.

मुलींच्या पेटीविषयी दोन शब्द. मुलगी वसतिगृहास निघाली की पुष्कळ घरी बोलणे सुरक्षिततेचेच होते आणि तिच्या नित्याच्या गरजांविषयी संकोचाने कोणी बोलत नाही. मासिक पाळीची साधने, पोटदुखीवरचे डॉक्टरांनी सांगितलेले औषध, गरम पाण्याची पिशवी ही तिच्या पेटीत विनासंकोच असावीत, आणि त्यासाठी लागणारे पैसे तिला मागावे लागू नयेत. वडिलांनी मुलास जेवढी रक्कम हातखर्चास दिली तेवढीच मुलीस द्यावी. वसतिगृहात गेलेली मुलगी पाहुणी म्हणून गेलेली नसते. ती विद्यार्थिनी म्हणून गेलेली असते.

आता त्या करमाळ्याच्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कंदील कोणी दिला असता? बादली कोणी दिली असती?

ज्ञातिबंधूंनो, आज कंदिलाची गरज उरलेली नाही, पण यादी उरलेली आहे. गुणवत्तेने प्रवेश मिळतो, कधी शुल्कही माफ होते, आणि तरीही गादी, बादली, पेटी, पहिल्या महिन्याची अनामत ह्या किरकोळ भासणाऱ्या रकमेपाशी बिडी वळणाऱ्या आईचा किंवा मागावरच्या बापाचा हात थांबतो. तो हात थांबला हे आपणांस कळतही नाही, कारण असा बाप आपल्या कार्यालयात अर्ज घेऊन येत नाही. तो म्हणतो, ‘‘पोराचेच मन लागेना तिकडे.’’

म्हणून आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की आपल्या संस्थेने एक साहित्य-भांडार काढावे. आरंभी पंचवीस संच पुरे. प्रत्येक संचात एक पेटी, पातळ गादी व खोळ, उशी, दोन सोलापुरी चादरी, दोन टॉवेल, ताट-वाटी-पेला, बादली-तांब्या, मच्छरदाणी, दोरी व कुलूप. शिक्षण पूर्ण झालेल्या मुलांच्या घरी माळ्यावर पडलेल्या पेट्या ह्या भांडारात परत याव्यात, त्यांना रंग देऊन त्या पुढच्यास द्याव्यात. चादरी आपल्या कारखानदार बंधूंनी द्याव्यात; ज्या गावात चादर विणली जाते त्या गावचे मूल चादरीवाचून राहू नये, एवढी लाज आपणांस असावी.

ह्या योजनेस आम्ही तीन अटी घालू इच्छितो. पहिली, संच मागण्यासाठी कोणास व्यासपीठावर बोलावू नये. शाळेच्या गुरुजींनी नाव सुचवावे आणि पेटी मुलाच्या घरी पोहोचावी. दुसरी, पेटीवर दात्याचे नाव रंगवू नये. आमच्या दानशूर मंडळींनी रागावू नये. त्यांची नावे ह्या स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापावीत, आम्ही स्वतः मुद्रिते तपासू. परंतु खोलीतल्या इतर मुलांसमोर ज्या पेटीवर दुसऱ्याचे नाव आहे ती उघडताना मुलाची मान खाली जाते. झाकणावर नाव असावे ते त्या मुलाचे. आमच्या निळ्या पेटीवर होते तसे. तिसरी अट काहींस रुचणार नाही. आपली ज्ञातिसंस्था आहे, आणि आपल्या मुलांचा पहिला विचार आपण करणार हे स्वाभाविक आहे. पण भांडारात संच शिल्लक असताना शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या समाजाचे मूल अडले असेल, तर देताना ज्ञाती विचारू नये. कोल्हापूर-साताऱ्याच्या ज्या थोर पुरुषांची नावे आपण आरंभी घेतली, त्यांच्या नावास ते शोभणार नाही.

हे भांडार उभे राहावयास वर्ष लागेल. तोवर प्रत्येक घरास करता येण्यासारखी एक गोष्ट सांगून आम्ही थांबतो. जूनमध्ये आपल्या मुलाची पेटी भराल तेव्हा तळाशी एक जादा चादर घाला. आमच्या आईने घातली होती तशीच. मात्र तिने सांगितले ते सांगू नका. ही पाहुण्यासाठी आहे असे म्हणू नका, घडी मोडू नकोस असेही म्हणू नका. मुलाला एवढेच सांगा की, पहिल्या रात्री खोलीतल्या सर्वांची अंथरुणे पाहून मग नीज.

आमची ती दुसरी चादर अद्यापि आमच्या घरी आहे. तिची घडी कधी मोडली गेली नाही. भांडाराचा पहिला संच तयार होईल त्यात ती घालण्यासाठी आम्ही आज बरोबर आणली आहे, ती अध्यक्षांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.